उभ्या इकोची रात्र

ही रात्र कोणा एका माणसाची नाही. पुणे, नाशिक, ठाणे आणि तिकडे अहमदाबादपर्यंत २०२० नंतर मारुती इकोचे सायलेन्सर रातोरात नाहीसे होऊ लागले. टोळ्या पकडल्या गेल्या, गोण्या भरून सायलेन्सर जप्त झाले, तरी काही महिन्यांनी दुसऱ्या गावात तीच बातमी यायची. अशा बातम्यांमधून एक ठरावीक रात्र दिसू लागते. ती मी संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापुरातल्या एका वस्तीत आणून उभी केली आहे. गाडीच्या मालकाला नाव दिलेलं नाही. शाळेची पोरं त्यांना काका म्हणतात, आपणही काकाच म्हणू.

गाडी सकाळी ६.१० ला सुरू करायची आहे. तिथपासून मागे मोजायचं.

संध्याकाळी ७.००. उरले अकरा तास

काका संभाजीनगरहून परत आले आहेत. सकाळी शाळेची पोरं सोडायची, दुपारी आणायची, मधल्या वेळात किंवा सुट्टीच्या दिवशी कोणाचा पेशंट तिथल्या घाटी दवाखान्यात न्यायचा, कोणाला रोटेगाव स्टेशनवर रेल्वेला सोडायचं, हंगामात मागच्या सीटा काढून कांद्याच्या गोण्या टाकायच्या. २०१० साली बाजारात आलेल्या या गाडीवर तालुक्याच्या गावांमधली अशी हजारो पोटं चालतात. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा तिची सगळी कामंही इकोच्याच गळ्यात पडली.

घराची बोळ अरुंद आहे, म्हणून गाडी बोळीच्या तोंडाशी मोकळ्या जागेत लागते. एका अंगाला कंपाउंडची भिंत आहे. काका भिंतीपासून चांगलं पाच-सहा फूट अंतर सोडून, तोंड रस्त्याकडे करून गाडी लावतात. त्याला कारणही आहे. सकाळी अंधारात रिव्हर्स घ्यायचा नाही, दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडले पाहिजेत, पुसायला जागा हवी.

अकरा तासांतला सगळ्यात स्वस्त बंदोबस्त इथेच हुकला. ज्या बाजूनं सायलेन्सरची नळी जाते ती बाजू भिंतीला वीतभर अंतरावर चिकटवली असती, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर किंवा निदान दोन मोटारसायकली आडव्या लावल्या असत्या, तर गाडीखाली शिरायला माणसाला वाट उरली नसती. यात एक रुपयाचा खर्च नाही, फक्त सकाळी चार मिनिटं जास्त लागतात. पण आपण गाडी लावताना सकाळचा विचार करतो, रात्रीचा करत नाही. काच वर घेतली का, हँडब्रेक ओढला का, लॉक झालं का, एवढं बघून माणूस घरात जातो. गाडीला बूड असतं आणि ते उघडं असतं, हे पंक्चर होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

७.४०

बुडाखाली लोखंड थंड होताना बारीक टिकटिक करतंय. अजून तासभर तरी तिथं हात लावायची सोय नाही.

इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तिथून निघालेली धुराची नळी गाडीच्या पोटाखालून मागे जाते आणि त्याच वाटेवर दोन जाडसर डबे बसवलेले असतात. बोलताना सगळे त्या अख्ख्या भागालाच सायलेन्सर म्हणतात. आवाज दाबायचं काम मागचा डबा करतो. पुढच्या डब्याचं काम वेगळं आहे, तो कॅटलिटिक कन्व्हर्टर. आत चिनी मातीसारख्या पदार्थाची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेली वीट असते. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा दिसणारही नाही इतका पातळ थर असतो. तापलेला धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळालेलं इंधन तिथं जळतं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून साधा नायट्रोजन सुटतो. अडीच-तीनशे अंश तापमान झाल्याशिवाय हे काम सुरूच होत नाही, म्हणून डबा इंजिनाच्या जवळ आणि गरम जागी बसवावा लागतो.

भारतात नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला तो १ एप्रिल १९९५ पासून, तोही आधी चार महानगरांत. तिथल्याच पंपांवर शिसं नसलेलं पेट्रोल मिळू लागलं, कारण शिशानं ती वीट मरते. मग एक-एक पायरी चढत १ एप्रिल २०२० ला देशभर धुराचे बीएस-६ नियम आले. नियम कडक झाले की डब्यातला थर जास्त चोख लागतो. हवा स्वच्छ करण्यासाठी काढलेल्या कायद्यानं प्रत्येक इकोच्या पोटाखाली काही ग्रॅम मौल्यवान धातू बांधून ठेवला, आणि बांधला तो चार नट-बोल्टांनी.

८.३०. आणि त्याच्या आधीची काही वर्षं

काका जेवायला बसले आहेत, तोवर जरा लांब जाऊन येऊ. कारण चोरीची वेळ वैजापुरात ठरली नाही.

ऱ्होडियम पृथ्वीवर फार थोडं आहे आणि जे निघतं त्यातलं बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून येतं. त्याची स्वतंत्र खाण नसते. प्लॅटिनम काढताना मागून हाताला लागतं ते ऱ्होडियम, त्यामुळे मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवता येत नाही. २०१६ मध्ये ते एका औंसाला, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमला, सातशे डॉलरांच्याही खाली मिळत होतं. मग जगभर धुराचे नियम कडक होत गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये अँग्लो अमेरिकन प्लॅटिनमच्या रुस्टेनबर्गजवळच्या प्रक्रिया प्रकल्पात स्फोट झाला आणि पुरवठा आटला. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये हाच भाव औंसाला २९ हजार डॉलरांच्या आसपास गेला. ग्रॅमचा हिशेब केला तर त्या वेळच्या रुपयांत साठ हजारांच्या वर. सोनं तेव्हा ग्रॅमला साडेचार हजारांच्या आगेमागे होतं.

सोनं आपण कपाटात ठेवतो आणि कपाटाची किल्ली कमरेला. त्याहून दहापटीनं महाग झालेली वस्तू मात्र नाल्याकडेला, उघड्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर रात्रभर लटकत होती. डब्यात ऱ्होडियमचा अंश फार थोडा असतो हे खरं. पण चोराला एकच डबा न्यायचा नसतो.

हा भाव चढत गेला तसा चोर जगभर गाडीखाली शिरू लागला. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या संस्थेनं मोजलेल्या दाव्यांमध्ये २०१८ साली अशा चोऱ्या १,२९८ होत्या. २०२० मध्ये १४,४३३ झाल्या आणि २०२२ मध्ये ६४,७०१. तिथं टोयोटा प्रियस लक्ष्य झाली, कारण पेट्रोल आणि बॅटरी आलटून पालटून चालणाऱ्या या गाडीत डब्याची झीज कमी होते आणि आतला माल टिकून राहतो. आपल्याकडे इको लक्ष्य झाली. ती गावोगाव आहे, रात्री उघड्यावर उभी असते आणि तिचा डबा खालून चटकन सुटतो.

९.४५

जेवण झाल्यावर काका पान खायला चौकात गेले आहेत. तिथं फॅब्रिकेशनवाला भेटतो, त्याच्याकडून काकांनी मागे गाडीवरचं कॅरिअर करून घेतलं होतं.

"काका, खाली जाळी मारून घ्या. येवल्याकडं परत चालू झालंय म्हणतेत."

"माझी जुनी गाडी रे. तिच्यात काय ठेवलंय?"

"गाडी जुनी आसंल, डबा जुना नस्तो."

"बघू. परीक्षा होऊ दे पोरांच्या."

जाळी म्हणजे नेमकं काय, हे इथं सविस्तर सांगणं भाग आहे, कारण यात चुका फार होतात. डब्याभोवती लोखंडी सळयांचा पिंजरा किंवा भोकं पाडलेला जाड पत्रा बसवतात. तो गाडीच्या मूळ चौकटीला धरून बसवायचा असतो, पातळ फ्लोअरच्या पत्र्याला नाही. डबा भयंकर तापतो, म्हणून मध्ये हवा खेळायला जागा सोडावी लागते. सगळीकडून बंद पत्रा मारला की उष्णता अडकते. शिवाय कच्च्या रस्त्यावरचं वाळलं गवत आणि पाचट त्यात साचून पेट घ्यायची भीती वेगळीच. ऑक्सिजन सेन्सरची वायर मोकळी राहिली पाहिजे. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची तार सोडायची, नाही तर इंजिन चालवणारा छोटा संगणक जळू शकतो. आणि गाडी सीएनजीवर असेल तर रस्त्याकडेच्या कोणत्याही दुकानात ठिणगी पाडून घेऊ नये. टाकी आणि गॅसची नळी कुठून जाते हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडेच जावं, किंवा वेल्डिंगचा नाद सोडून नट-बोल्टांनी आवळायची जाळी घ्यावी.

ज्यांना जाळीचा खर्च नको ते नटांवर वेल्डिंगचा एक-एक टाका मारून घेतात. यानं चोरी थांबत नाही, चोराला वेळ जास्त लागतो, आणि वेळच तर त्याच्याकडे नसतो. पुढे कधी सायलेन्सर काढायची वेळ आली तर मेकॅनिक शिव्या घालत ग्राइंडर लावेल, तेवढं सहन करायचं. तिसरा उपाय बिनखर्चाच्या जवळ जाणारा आहे. डब्याच्या पत्र्यावर गाडीचा नंबर कोरून घ्यायचा. एमएच २० आणि पुढचे आकडे ठळक कोरले, त्यावर उष्णता सोसणारा रंग फासला, की तो डबा भंगारात नेताना विकणारा आणि घेणारा दोघंही जरा बिचकतात. नंबर नसलेला डबा सापडला तर तो कोणाच्या गाडीचा हे खुद्द मालकालाही सांगता येत नाही. जप्त झालेल्या ढिगातून आपला सायलेन्सर ओळखायला गेलेल्या माणसाची अडचण तिथंच होते. सगळे सारखे दिसतात.

"बघू" म्हणून काका घरी निघाले.

११.१५. उरले सात तास

पलीकडच्या गल्लीत हळद आहे. डीजे रात्री दहाला बंद व्हायला हवा होता, तसा कायदा २००० सालापासून आहे, पण हळदीच्या घरी जाऊन कायदा कोण सांगणार? आता मात्र आवाज थांबलाय आणि मंडळी पांगताहेत. बोळीच्या तोंडाशी अनोळखी दुचाक्या लागतात, निघतात. वस्तीतली कुत्री आज इतक्या अनोळखी पायांवर भुंकली आहेत की त्यांचा घसा बसला असावा. खांबावरचा दिवा चालू-बंद होत राहतो.

बुडाखालचा डबा आता पूर्ण थंड आहे.

१२.३०

इथं काही घडत नाही. पण उभ्या गाडीचा विषय निघाला की वैजापूर तालुक्याला रात्रीची हीच वेळ आठवते. १५ ऑक्टोबर २०२३ ला साधारण याच सुमारास, समृद्धी महामार्गावर जांबरगाव टोलनाक्याजवळ, सैलानीबाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्यांची मिनीबस थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि १२ माणसं गेली. त्यापुढे सायलेन्सरची चोरी म्हणजे काहीच नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ. तरी सकाळी ६.१० ला काकांच्या गाडीत जे होणार आहे त्यात जिवाचा धोका आहे, आणि चोरी झाल्याचं ऐकून हळहळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो कळतो.

१.४०

हातात बॅटरी घेतलेला एक माणूस मोटारसायकलवरून जातो, बोळीशी वेग कमी करतो, पुढे जातो. कोणी पाहिलं असतं तरी काही वाटलं नसतं. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की या भागातला शेतकरी एक-दोन वाजता मोटार चालू करायला निघतो. शहरातल्या सोसायटीत रात्री दीडला बॅटरी घेऊन फिरणारा माणूस वॉचमन तरी असतो नाही तर चोर. इथं तो बहुधा गव्हाला पाणी द्यायला चाललेला असतो, आणि या सवयीच्या आडोशाला कोणालाही फिरता येतं.

काकांच्या वस्तीत दोन सीसीटीव्ही आहेत. एक किराणा दुकानाच्या शटरकडे बघतो, दुसरा एका बंगल्याच्या फाटकाकडे. रस्त्याकडे बघणारा एकही नाही. रात्रभर बाहेर उभ्या राहणाऱ्या सहा-सात गाड्यांच्या मालकांनी मिळून एक कॅमेरा आणि हालचाल झाली की पेटणारा एक दिवा लावला, तर माणशी एखाद्या टायरच्या खर्चातही भागलं असतं.

२.५०

दोघं आहेत, तिसरा त्यांच्या गाडीत बसलेला.

यात सांगण्यासारखं फार नाही. कसं सुटतं हे मी लिहिणारही नाही. दरवाज्याला हात लागला नाही, काच फुटली नाही, म्हणून सायरन वाजला नाही. सेंट्रल लॉक दरवाज्यांवर पहारा देतं, बुडाशी त्याचा संबंध नाही. गाडी जराशी तिरपी झाली किंवा हादरली तरी बोंब मारणारा अलार्म बाजारात मिळतो, तो काकांकडे नव्हता. कोणी तरी घरात खोकलं, तेवढा वेळ दोघं निपचित पडून राहिले. एकदा लोखंडावर लोखंड वाजलं.

तीन वाजायच्या आत गाडी पुन्हा पहिल्यासारखी उभी होती. वरून बघणाऱ्याला ती तशीच दिसली असती, अंगावर एक ओरखडाही नाही.

३.२०

वैजापूरहून कुठंही जाता येतं, ही या गावाची सोय आणि या रात्रीची अडचण. जुना नागपूर-मुंबई रस्ता गावातून जातो. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाल्यापासून जांबरगावहून नागपूरच्या बाजूला वाऱ्यासारखं जाता येतं. ५ जून २०२५ पासून सगळे ७०१ किलोमीटर खुले आहेत, तेव्हा मुंबईची बाजूही मोकळी झाली. मात्र समृद्धीवर टोलनाका आहे, फास्टॅगची नोंद आहे, कॅमेरे आहेत. ज्यांना नोंद नको ते जुन्या वाटा धरतात. तासाभरात येवला म्हणजे नाशिक जिल्हा, कोपरगाव किंवा श्रीरामपूर म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. तीन जिल्ह्यांच्या हद्दी इतक्या जवळ असल्या की चोरी एका ठाण्यात, माल दुसऱ्यात आणि गाडी तिसऱ्यात सापडते.

महामार्गाच्या ढाब्यांवर झोपणाऱ्या ट्रकवाल्यांना हे नवीन नाही. त्यांच्या डिझेल टाकीला, बॅटरीला आणि साखळीला लटकवलेल्या स्टेपनीला वर्षानुवर्षं हात लागत आले आहेत. म्हणून जुना क्लीनर टाकीच्या बाजूलाच अंथरूण टाकतो. इकोवाल्याला क्लीनर नसतो.

४.३०

गाडीचा डबा आता डबा राहिलेला नाही. पत्रा कापला, आतली वीट फोडली, तिचा करडा भुगा पिशवीत भरला. तपासात आणि बातम्यांत याला माती म्हणतात. रिकामा पत्रा भंगारात किलोवर जाईल, माती वेगळ्या वाटेनं जाईल.

मला या सगळ्या रात्रीत इथंच थांबावंसं वाटतं. गाडीखाली शिरणाऱ्या पोराला त्या भुग्यातून प्लॅटिनम काढता येत नाही. घरच्या चुलीवर ते होतच नाही. त्यासाठी मोठी भट्टी लागते, रसायनं लागतात, मालात किती ग्रॅम काय आहे हे सांगणारी प्रयोगशाळा लागते. म्हणजे या साखळीत पुढे कुठं तरी दुकान थाटून, पाटी लावून, काटा ठेवून बसलेला माणूस आहे. त्यानं पोत्यातली माती विकत घेताना "एवढे सायलेन्सर आणले कुठून?" एवढाच प्रश्न विचारला, तरी २.५० ला बोळीत कोणी आलं नसतं.

अमेरिकेत हे उशिरा उमगलं. आधी तिथंही लोकांना जाळ्या बसवा, दिव्याखाली गाडी लावा असंच सांगत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं खरेदीदारांवर हात टाकला. देशभर छापे पडले, २१ जणांना अटक झाली, आणि न्यू जर्सीतल्या डीजी ऑटो या एका धंद्याभोवतीच्या प्रकरणात साडेचौपन्न कोटी डॉलरांहून जास्त रकमेवर सरकारनं जप्तीचा दावा लावला. कॅलिफोर्नियानं सुटा डबा कोणाकडून घ्यावा आणि त्याची नोंद काय ठेवावी याचे नियम आवळले. त्याच सुमारास ऱ्होडियमचा भावही कोसळला, २०२३ च्या मध्याला तो चार हजार डॉलरांच्या आसपास होता, आणि चोऱ्या उतरल्या. यात छाप्यांचं श्रेय किती आणि भावाचं किती, यावर वाद घालता येईल. माझं मत भावाच्या बाजूनं झुकतं. पण भाव पुन्हा चढणार नाही याची हमी कोणी देत नाही, आणि तो चढला की खरेदीदाराची वही तपासणं एवढंच आपल्या हातात राहतं.

आपल्याकडेही चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहेच. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४११ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१७ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण "जाणूनबुजून" हे सिद्ध करायला मालावर खूण लागते. एमएच २० आणि पुढचे चार आकडे तिथं कामाला आले असते.

सकाळी ६.१०

किल्ली फिरली.

आवाज मेघगर्जनेसारखा की कसा, ते ज्यानं ऐकलंय त्याला माहीत आहे. बोळीतल्या तीन घरांच्या खिडक्या उघडल्या. पलीकडचा तरुण गच्चीतून ओरडला, "काय वो काका, रातोरात बुलेट बसवली का काय?" काकांना आधी वाटलं इंजिनच फुटलं. खाली वाकून मोबाइलचा उजेड टाकला, तेव्हा पुढून येणारी नळी एका जागी संपत होती आणि पुढे बरंच अंतर काहीच नव्हतं.

आता खरा प्रश्न. गाडी चालू आहे. चाकं फिरतात, गिअर पडतो, ब्रेक लागतो. अकरा पोरं ठिकठिकाणी दप्तर घेऊन उभी राहणार, त्यांतल्या तिघांची आज परीक्षा. फक्त आवाज आहे. दहातले आठ जण या क्षणी म्हणतील, एवढी फेरी मारू आणि मग गॅरेजला जाऊ.

हा विचार घातक आहे. चांगल्या गाडीत धूर मागच्या टोकापाशी, बंपरच्या खाली, बाहेर पडतो. काकांच्या गाडीत तो आता माणसं बसतात त्या जागेच्या बरोबर खाली सुटतोय. तोही कच्चा, कारण कार्बन मोनॉक्साइड मारणारा डबाच गेलाय. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. फ्लोअरच्या पत्र्याला जुन्या गाडीत कुठं ना कुठं भोक असतं, रबराची बुचं निघालेली असतात, गिअरच्या मुळाशी फट असते. फेब्रुवारीची थंडी म्हणून पोरं काचा लावून बसतात. फाटकाशी किंवा सिग्नलला गाडी उभी राहिली की धूर मागे पडत नाही, वर येतो. डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती ही लक्षणं. सकाळी सहाला झोपेतून उठवलेलं पोर पेंगतंय म्हणून कोण डॉक्टरला विचारणार?

काकांनी मेकॅनिकला फोन लावला. तो झोपेतच होता.

"आवाजाचं सोडा. पोरं बसवू नका. लय लागलं तर काचा उघड्या टाकून एकटे या गॅरेजला."

"परीक्षा है रे आज."

"मग रिक्षा बघा. बसवू नका म्हणतोय ना."

६.२० ते ७.०० या चाळीस मिनिटांत काकांनी अकरा घरी फोन केले. दोन आयांनी "आधी सांगायचं ना" म्हणून झापलं. चार बाप आपापल्या मोटारसायकली काढून निघाले, एकीवर तीन पोरं. दोन रिक्षा झाल्या. परीक्षेची तिघं वेळेत पोचली, बाकीच्यांना पहिला तास चुकला.

९.३०

पोलीस ठाण्यात जावं का, यावर घरात चर्चा. भावाचं म्हणणं, गाडी जागेवर आहे, एक सायलेन्सर गेला, त्यासाठी अर्धा दिवस कोण घालवणार, पंचनामा होईपर्यंत गाडी हलवता येणार नाही, आणि शोधणार काय, बिल आहे का, नंबर आहे का? यातला प्रत्येक मुद्दा व्यवहाराचा आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्याद ऑनलाइनही देता येते, मग तीन दिवसांत जाऊन सही करायची, एवढं सोपं झालंय. भावाला ते माहीत नव्हतं, काकांनाही नव्हतं.

फिर्याद झाली नाही. त्यामुळे कागदोपत्री त्या रात्री वैजापुरात काही चोरीला गेलं नाही. पुढे कुठल्याशा जिल्ह्यात माती सापडलीच, तर तिला जोडायला गुन्हाच नाही.

दुपारी १.००

कंपनीच्या भावानं नवा बीएस-६ चा जोड पाच आकड्यांत जातो. काकांचा विमा थर्ड पार्टीचा, त्यातून स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. मेकॅनिकनं दोन पर्याय ठेवले. एक, शहरातून बाजारातला हलका कन्व्हर्टर मागवायचा, तीन दिवस लागतील. दुसरा, मधल्या जागी सरळ पाइप वेल्ड करून मागच्या डब्याला जोडायचा, आवाज दबेल, धूर पुन्हा मागे जाईल, तासाभरात गाडी रस्त्यावर. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटेल तेवढा, त्यावर टेप लावतात लोक.

तीन दिवस म्हणजे अकरा घरांच्या तीन दिवसांच्या शिव्या, आणि एखादं घर दुसरी व्हॅन धरणार. काकांनी सरळ पाइप मारून घेतला. वेल्डिंग झालं तेव्हा रात्रीचा तो फॅब्रिकेशनवालाही बघायला आला होता. काकांनी त्याला विचारलं, आता जाळी मारायची का?

"आता कशाला? त्या पाइपात नेण्यासारखं काय ऱ्हायलंय?"

दुपारची फेरी काकांनी वेळेवर केली. पोरांना फरक कळला नाही. पीयूसी केंद्रातल्या यंत्राला कळेल. या गाडीला उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड दहा हजारांपर्यंत जातो. काकांची पीयूसी पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला संपते.